डिक्कीतल्या बांगड्या

नातीचं लग्न ठरलं तेव्हा हॉलवाले मेंदीबरोबर बांगडीवालीही देत होते. मीच नको म्हणाले. आमच्या घरातल्या साऱ्या बायकांनी शहागंजातल्या मनियारीणआपाच्या घरच्यांकडूनच बांगड्या भरलेल्या, मग नातीचा चुडा दुसऱ्या कुणी का भरावा?

आपा आली. नातीचे हात हिरवेगार झाले. पाहुण्या बायका हात पुढं करायला लागल्या, तशी माझी सून चहा ठेवायला उठली. माझा मुलगा गेला तेव्हापासून तिचे हात मोकळेच. मला वाटलं, विहीणबाईंना दिसू दे आपलं घर कसं आहे ते. मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "आपा, सुनेच्याबी हातात भर. आमच्यात तसलं काय नाय."

आपा हसली. "अम्मा, ये तो अपनी पुरानी गिऱ्हाईक है. दर दिवाळीला माझ्याकडंच भरते की."

सून खाली बघत राहिली. मी उगाच पाहुण्यांना लाडू वाढत बसले.

सगळ्या गेल्यावर नातीला विचारलं. ती म्हणाली, आई ऑफिसात बांगड्या घालते, घरी येताना गेटपाशी काढून स्कूटीच्या डिक्कीत ठेवते.

"पण मी कधी नको म्हणले का तिला?"

"म्हणत नाहीस गं आजी. बघतेस."

मी विधवा झाले तेव्हा सासूनं माझ्या बांगड्या फोडल्या होत्या. आपण सुनेला तसं करायचं नाही हे पक्कं होतं, नि केलंही नाही. त्याचा केवढा तोरा मला! पण मुलाच्या वर्षश्राद्धानंतर तिनं एकदा काचेच्या बांगड्या घातल्या, तेव्हा मेथी निवडता निवडता माझी नजर तिच्या मनगटावरच खिळली होती. ते आत्ता आठवलं.

सुनेला एवढंच म्हणाले, "काढत जाऊ नको बाई आता."

"बरं, आई."

लग्न उरकून सून पुन्हा ऑफिसला गेली, त्या संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले. स्कूटी आली. डिक्की न उघडताच ती वर आली. मला लई बरं वाटलं. लगबगीनं दार उघडलं आणि आधी काय केलं, तर तिच्या हाताकडं बघितलं. आनंदानंच बघितलं, देवाशपथ.

तिनं ओढणी मनगटावर ओढून घेतली.