माझा खिसा आणि माणिकआत्याची पेटी

माणिकआत्याबद्दल सांगायचं तर तिच्या गळ्यातल्या चाबीपासून सुरुवात करावी लागते. काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी चाबी. शेवंतीच्या वाफ्यात ती वाकली की चाबी पदराबाहेर लोंबायची आणि आत्या मातीच्या हातानेच ती पुन्हा आत सारायची.

आमचं घर वलगावचं, पिढ्यान्‌पिढ्या फुलांचं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची आणि उत्तमकाकांची थोरली बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती टिनाची एक पेटी घेऊन माहेरी परत आली. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. मळा काकांचा, घर काकांचं, चूल काकूची. तिचं म्हणावं असं त्या घरात एकच होतं, ती पेटी. पण म्हणून ती कोपऱ्यात बसून राहणारी बाई नव्हती. अमरावतीच्या फूलबाजारात एखाद्या गिऱ्हाइकाने झेंडू दाबून पाहिला की ती ओरडायची, "फूल होय बाप्पा, वांगं नाही! दाबून काय पाहून राहिला?"

पेटीत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. लहानपणी आम्ही विचारून विचारून तिचा जीव खायचो. दर वेळी उत्तर निराळं. "तुह्या नवरीचा शालू हाय." "तुह्या बापाच्या शाळेतल्या लबाड्या हायेत." एकदा म्हणाली, "माह्या घराची चाबी हाय." आम्ही म्हटलं, चाबी तर गळ्यात आहे. ती हसली आणि कामाला लागली.

आता माझ्याबद्दल, कारण माझ्याशिवाय ही गोष्ट घडली नसती आणि न घडती तर फार बरं झालं असतं. मी नितेश. अकोल्याला आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवतो. चाबीशिवाय कुलपं उघडणं हा माझा छंद. बायको, दामिनी, म्हणते, हे नातेवाइकांत सांगत जाऊ नका, उद्या कुणाच्या घरी चमचा हरवला तरी तुमच्याकडे पाहतील. सुट्टीच्या दिवशी मी जुन्या शहरातल्या भंगारवाल्यांकडे जातो, बिनचाबीची कुलपं निवडून आणतो आणि ती उघडत बसतो. हा छंद असलेल्या लोकांचे मोबाइलवर गट आहेत, त्यांचे दोन नियम आहेत. ज्याचं कुलूप त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि जे कुलूप रोजच्या वापरात आहे, ते सोडून द्यायचं. बारा वर्षं मी हे नियम पाळले, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता.

पूर्वी माझ्या कुलपं उघडायच्या सळया कापडी पाकिटात असायच्या, घरी, टेबलाच्या खणात. मग दोन वर्षांपूर्वी मी घडीचा संच मागवला. दिसायला खिशातल्या चाकूसारखा. पात्यांऐवजी पाच बारीक सळया, एकात एक मिटणाऱ्या. वस्तू म्हणून झकास. काही हरवत नाही, खिशाला टोचत नाही, अकोला ते अमरावती एसटीत बसल्या बसल्या हाताला सराव होतो. दोषही आहेत. मूठ जाड असल्यामुळे कुलपाच्या आतली हालचाल बोटांना निम्मीच कळते. एक सळई काढली की बाकीच्या मध्ये मध्ये येतात. स्क्रू ढिला होतो. ताण द्यायची वाकडी पट्टी सुटी असते, ती नेमकी ऐन वेळी सापडत नाही. हे सगळं मी गटावर लिहिलं होतं, लोकांनी वाहवाही केली होती. सर्वांत मोठा दोष मात्र लिहायचा राहिला, कारण तो तोवर मला कळला नव्हता. तो संच सतत खिशात असतो.

गेल्या वर्षीचा दसरा. सकाळचा बाजार आटपून सगळे दुपारी घरी आले. आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळे, खुरपी, कुदळी, फवाऱ्याचा पंप, सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं. मलाही वाटलं, आपलंही हत्यार आहे की. मी खिशातून संच काढून खुरप्याशेजारी ठेवला.

काकांचा मुलगा सागर म्हणाला, "दादा, हा कोनता चाकू होय?"

"चाकू नाही लेका, कुलूप उघडाचं हत्यार होय."

"चाबीशिवाय?"

"चाबीशिवाय."

"मंग आत्याच्या पेटीचं उघडून दाखव! आजलोक कोनी उघडलं नाही ते."

सगळे हसले. मला माझा पहिला नियम आठवला, हो, आठवला. मी तो पाळलाही. मी विचारलं. पण विचारलं कुणाला? "काका, उघडू का?" त्या घरात काहीही करायचं तर काकांना विचारायची रीत. विहिरीवरची मोटार सुरू करायची, काकांना विचारा. गाडी न्यायची, काकांना विचारा. काका म्हणाले, "उघड ना बाप्पा, पाहू तं दे तुही कारीगरी!"

आत्या तिथेच, पाच हातांवर, दाराचं तोरण ओवत बसली होती. तिच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

कुलूप जुनं होतं. मिनिटही लागलं नाही. सागरने मोबाइलवर सगळं टिपलं आणि तिथल्या तिथे नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. झाकण मात्र मी उघडलं नाही, आणि पुढे कित्येक दिवस मी स्वतःला तेवढंच सांगत राहिलो.

आत्या उठून आली. एक हात गळ्यातल्या चाबीवर. माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या कुलपाकडे पाहत म्हणाली, "हे असंच उघडते?"

"हो आत्या, सोपं हाय ते."

"मंग इतके वर्स मी चाबी काहून सांभाळली?"

सगळे पुन्हा हसले. ती नेहमीसारखी गंमत करतेय असं आम्हाला वाटलं. मीही हसलो. संच घरी खणात असता तर मला अकोल्याला जाऊन आणावा लागला असता, आणि तेवढ्या वाटेत कुठेतरी अक्कल आली असती.

दिवाळीला गेलो तर आत्याच्या गळ्यात दोरा नव्हता. खांद्याला कापडाच्या दुकानातली एक जाड पिशवी. ती वाफ्यात काम करताना पिशवी धुऱ्यावर, बांधाच्या कडेला ठेवी आणि दर दहा मिनिटांनी मान वळवून पाही. आंघोळीला जाताना पिशवी बरोबर. पेटीला कुलूप नव्हतं, आणि काकूने तिच्यात हिवाळ्याच्या वाकळा भरल्या होत्या. "रिकामीच तं पडली होती," काकू म्हणाली. तिचंही काही चुकलं नव्हतं.

मग तेल्हाऱ्याला एक लग्न होतं. पंगतीत आत्या मांडीवर पिशवी घेऊन जेवत होती. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेलाच. कुणीतरी लांबून ओरडलं, "कावो माणिकबाई, पेटी संगच आनली काय?" लोक हसले. तिने मान खाली घातली. फूल दाबणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंडावर झापणारी बाई, ती मान खाली घालून वरण-भात कालवत बसली.

मी अकोल्यातलं चांगलं जड कुलूप घेतलं आणि वलगावला गेलो.

"आत्या, हे मलेही उघडत नाही."

"उघडून पाह्य."

मी खिशातून संच काढला. काढताना स्वतःचीच लाज वाटली, की तो अजून खिशातच होता. खरं म्हणजे ते कुलूप मी दुकानातून आणल्यावर घरी दोनदा उघडलं होतं. तिच्यासमोर मात्र उगाच सळया फिरवल्या, घाम पुसला, नाही म्हणून मान हलवली. आत्याची नजर माझ्या बोटांवर. जन्मभर हार ओवलेली बाई. तिला हातांबद्दल कोण फसवणार?

"त्या दिवशी तुहे हात असे चालत नव्हते," ती म्हणाली.

मी सळया मिटल्या.

"मोटारीच्या खोलीले लाव हे कुलूप. तिथं कामी येईन."

"आत्या, चुकलं माहं."

"तुहं काय चुकलं? तू तं काहीच नेलं नाही."

ती रागावून बोलली नाही, हेच वाईट. काही नेलं असतं तर परत तरी आणून दिलं असतं. चोरालाही तेवढी सोय असते. मी नेलं ते परत देता येत नाही, आणि ज्यांनी ते नेताना पाहिलं त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

यंदाच्या दसऱ्याला मी पाटावर काही ठेवलं नाही. काकांनी कुंकू वाहायला घेतलं, तेव्हा आत्या माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"तुहं ते कुठं हाय?"

"नाही आनलं, आत्या."

"खिशात हाय तुह्या. ठेव. ज्याच्यावर हात चालते, त्याले पुजा लागते."

मी संच काढून पाटाच्या कडेला ठेवला. तिने तो उचलून खुरप्याशेजारी सरकवला, गेल्या वर्षी होता तिथेच. कुंकवाचं बोट लावलं. टोपलीतून चांगला भरदार झेंडू निवडून त्यावर वाहिला. मग नमस्कारासाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने पिशवी खांद्यावरून काढली, क्षणभर खाली ठेवावी की नाही असं पाहिलं, सगळ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावरूनही. आणि पिशवी काखेत घट्ट दाबून धरून तिने हात जोडले.