मृत्युंजय शेटेच्या सुरांच्या पेट्या

कसबा बावड्यात माझी पिठाची गिरण आणि मृत्युंजय शेटेचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मधे एकच भिंत. मी गिरण सुरू केली की वीज दबायची आणि पलीकडून हाक यायची, "हंबीरराव, जरा दम धरा की! सूर खाली गेला!"

हे सुराचं खूळ त्याला एका कीबोर्डमुळं लागलं. नव्वद-एक्याण्णव साल असेल. लग्नात वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्राचा परदेशी कीबोर्ड दुरुस्तीला आला. आतली चिप जळली होती आणि तसली चिप इकडं मिळत नव्हती. कीबोर्ड तसाच परत गेला, पण मृत्युंजयच्या डोक्यातून काही गेला नाही. आपल्याला मिळतात त्या साध्या चिपांवरच वाद्य करायचं, असं त्यानं मनात धरलं.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यानं इतक्या वेळा सांगितलंय की पाठ झालंय. त्या चिपला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. तिच्यातून बाहेर येणारी वायर परत तिच्याच तोंडाशी नेऊन जोडली, तिथं एक कंडेन्सर लावला, की ती आपली आपण चालू-बंद, चालू-बंद करत सुटते. ते फार भरभर झालं आणि स्पीकरला दिलं की सूर निघतो. दुसरी चिप तो सूर निम्मा करते, म्हणजे तोच सूर खालच्या सप्तकात. तिसरी नुसती मोजते, एक दोन तीन, आणि प्रत्येक आकड्याला वेगळा सूर लावला की चाल फिरत राहते. एकेका कामाची एकेक प्लायवूडची पेटी. पेटीच्या तोंडावर भोकं, आणि एका पेटीतून दुसरीत खोचायच्या रंगीत वायरी. वायर इकडची तिकडं केली की आवाज बदलला.

त्याची मुलगी रक्षिता तेव्हा दोन-अडीच वर्षांची. दुकानातच खेळायची. एके दिवशी तो बँडवाल्यांचा अँप्लिफायर तपासत होता आणि माईक स्पीकरसमोर आला. अशी कर्कश शिट्टी वाजली की मी गिरणीतनं कानावर हात ठेवून बाहेर पळालो. रस्त्यावरची म्हैस बिथरली. मृत्युंजयनं झटक्यात बटण बंद केलं आणि वळून बघितलं. पोरगी स्पीकरच्या पुढ्यात पाठमोरी बसली होती. डब्यातले स्क्रू एकेक करून वाटीत टाकत होती. तिनं मानसुद्धा वर केली नव्हती.

त्यानं पुन्हा बटण चालू केलं. पुन्हा तीच शिट्टी. ती स्क्रू टाकतच राहिली.

"हंबीरराव," तो म्हणाला, "बघितलंसा?"

डॉक्टर झाले. कानातलं मशीन झालं. ते तिनं काढून बादलीत टाकलं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मापासूनच ऐकू येत नाही, यावर औषध नाही. मृत्युंजयची बायको शिवगंगा निपाणीकडची, घरात कानडी बोलणारी. ती चार दिवस रडली आणि मग डोळे पुसून मूकबधिर शाळेची चौकशी करायला निघाली. मृत्युंजय दुकानात येऊन बसला. गिऱ्हाईक आलं तर "उद्या या पावणं" म्हणायचा.

मग एका दुपारी त्यानं सगळ्यात खालचा सूर मोठ्या स्पीकरवर लावला. फळीवरच्या बरण्या थरथरायला लागल्या. रक्षिता दारात बसली होती ती उठली, आली आणि दोन्ही तळहात स्पीकरच्या लाकडाला लावून बापाकडं बघून हसली.

"शिवगंगा! ऐकलं की हिनं! ऐकलं!"

शिवगंगा घरातून धावत आली. पोरीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "ऐकलं न्हाय वो. हाताला लागलं तिच्या."

"मग हातानं तर हातानं. लागलं न्हवं?"

त्या दिवसापासून गिऱ्हाइकांचे टीव्ही मागं पडले. तिच्या हाताला काय काय लागेल याच्या मागं तो लागला. पेट्या वाढल्या. भिंतीभर झाल्या. अंगाईची चाल केली, ओव्यांची केली. रोज शाळेतून आली की रक्षिता दप्तर ठेवायची, येऊन लाकडाला हात लावायची, हसायची. ते हसू बघून त्याचा दिवसभराचा उतरलेला चेहरा खुलायचा.

पण त्या साध्या चिपांचं एक वाईट असतं. ऊन चढलं की सूर हलतो, वीज दबली की हलतो. सकाळी जुळवलेली चाल दुपारी बेसूर. मग तो स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक सूर परत जुळवत बसायचा. मी एकदा न राहवून म्हटलं, "अरे, सूर हलला काय न् न्हाय काय, तिला काय कळणार हाय?"

त्यानं स्क्रू आणखी जरासा फिरवला. मग म्हणाला, "मला कळतंय की."

इकडं शिवगंगा शाळेत बसून हातांची भाषा शिकली. मायलेकी भाजी निवडता निवडता बोटांनी भांडायच्या, हसायच्या, शेजारणीच्या नकला करायच्या. मृत्युंजयला चारपाच खुणा यायच्या. जेवण, शाळा, ये, जा. "तूही शिक की," शिवगंगा म्हणायची. "व्हय, शिकतो. एवढं एक झालं की," तो म्हणायचा. रक्षिताला लिहून विचारावं तर ती एकदोन शब्दांवर थांबायची. लिहिलेलं मराठी तिला परक्या मुलखातलं वाटायचं.

रक्षिता पंधरा-सोळा वर्षांची असताना शाळेचं गॅदरिंग आलं. मुलींचा नाच होता. मृत्युंजयनं बाईंना जाऊन सांगितलं, स्टेज लाकडी आहे, खाली स्पीकर बसवतो, मुलींना पायानं ताल लागेल. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, बसवा. टेम्पोतून पेट्या नेताना मी बरोबर होतो.

नाच सुरू झाला. पहिलं कडवं छान गेलं. लोक मान डोलवायला लागले. मृत्युंजय पडद्याच्या कडेला पेट्यांपुढं उभा, कपाळावर घाम आणि तोंडावर हसू. आणि लाईट गेली. लोडशेडिंगचेच दिवस ते. जनरेटर सुरू झाला, पण त्याची वीज खालीवर होत होती. पेट्यांनी मोजायचं सोडलं. चाल मधेच उड्या मारायला लागली, मग दुप्पट पळायला लागली, मग नुसतंच घोंगावणं. तो ही वायर ओढत होता, ती खोचत होता. लोक हसायला लागले. शेवटी त्यानं पेट्यांची मेन वायरच उपसली.

हॉल चिडीचूप झाला. आणि मुली नाचत होत्या. एकीचाही पाय चुकला नव्हता. स्टेजखाली बाई उभ्या होत्या, हातानं ताल देत होत्या, आणि सगळ्या मुलींचे डोळे त्यांच्या हातावर. पैंजणांचा आवाज तेवढा येत होता. रक्षिता मधे होती, गिरकी घेताना हसत होती. मृत्युंजय हातात वायर धरून तसाच उभा राहिला. नाच संपला तेव्हा समोर बसलेल्या शाळेतल्या पोरांनी हात वर करून हलवले. त्यांच्या टाळ्या तशाच असतात. ते त्याला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर तो जेवला नाही. रक्षिता समोर बसली आणि हातांनी बराच वेळ बोलली. शिवगंगा त्याचं ताट उचलायला लागली.

"काय म्हणती?"

"काय न्हाय."

"सांग की!"

"म्हणती, त्या पेट्यांचं वाईट वाटून घेऊ नका. तिला कधीच त्यात काय वाटत न्हवतं. हात लावला की गुदगुल्या होत्यात आणि डोकं दुखतंय म्हणती." शिवगंगानं ताट परत खाली ठेवलं. "म्हणती, मी हात लावला की अप्पा हसायचे. म्हणून लावायची."

हे मला शिवगंगानंच सांगितलं, पीठ न्यायला आली तेव्हा. तो स्वतः कधी बोलला नाही. पेट्या भंगारात गेल्या नाहीत, मोडल्याही नाहीत. त्यानं फक्त वायरी काढल्या. शाळेत जाऊन इतर पोरांच्या आयांबरोबर खुणा शिकायला बसला, पण पन्नाशीला आलेली बोटं. एका खुणेची दुसरीच व्हायची. रक्षिता आधी हसायची, मग हात धरून दुरुस्त करायची, मग कंटाळून आईकडं वळायची.

दोन वर्षांनी ती कॉम्प्युटरच्या कोर्सला पुण्याला निघाली. शिवगंगाला ताप होता, म्हणून स्टँडवर मृत्युंजय आणि मी गेलो. गाडी सुटायला आली. काच बंद होती. आतून रक्षितानं त्याच्याकडं बघून काहीतरी सांगितलं. छातीपाशी हात, मग पुढं, मग बोटं मिटली, परत एकदा. चेहरा गंभीर होता. तो नुसता मान हलवत राहिला, व्हय, व्हय. गाडी वळून गेली.

घरी येऊन त्यानं शिवगंगाच्या खाटेपाशी उभं राहून ती खूण करून दाखवली.

"असं, का असं?" ती अंथरुणातून विचारत होती. "बोटं मिटली का उघडली? हात आधी तिच्याकडं होता का तुमच्याकडं?"

त्यानं पुन्हा केली. वेगळी झाली. पुन्हा केली, आणखी वेगळी. "अवो, याचा तर कायच अर्थ हुईना," ती म्हणाली.

संध्याकाळी त्याच्या मोबाईलवर मेसेज आला, पोचले. त्यानं माझ्याकडून उत्तर टाईप करून घेतलं, काचेतून काय म्हणालीस?

बऱ्याच वेळानं दोन शब्द आले, काही नाही.

मोबाईल खिशात घालून तो दुकानाच्या पायरीवर बसला. मग मला म्हणाला, "गिरण चालू करा जावा, हंबीरराव. लोक थांबल्यात."