चारही बाजूंचं माहेर

ताजुद्दीन परकार सौदीत, दम्मामला एसीच्या डक्टचे पत्रे कापतो आणि शुक्रवारी सीनऱ्या काढतो. सीनऱ्या कसल्या, एकच सीनरी: दोन डोंगर, मधून सूर्य, खाडी, होडी, कडेला वाकलेला माड. ओळखीच्या निम्म्या कोकणी घरांत ती टांगलेली आहे. गाव कुठलंही सांगा, सूर्य तिथूनच उगवतो.

यंदा ईदसाठी बिलकिसने, त्याच्या बायकोने, आपल्या माहेरचं आंजर्ल्याचं घर काढून मागितलं. तीन वर्षं ती गावी गेली नव्हती. हॉलमधली मोठी भिंत तिने मोकळी केली आणि मैत्रिणींना आधीच सांगून बसली.

नेमकी तेव्हाच मुलगी इकरा शाळेच्या प्रोजेक्टसाठी एका फ्रेंच चित्राची प्रिंट घेऊन आली. चित्र शंभरावर वर्षांपूर्वीचं. डोंगरउतारावर एकावर एक रचलेली घरं, ना दार ना खिडकी, आभाळालाही जागा नाही. नुसती खोकी.

"हा काय पत्र्याच्या कामात होता?" ताजुद्दीनने विचारलं.

"नो अब्बा, अर्ली क्युबिझम! एक ही जगह से देखने का पुराना रूल इन लोगों ने तोड़ दिया. सब हँसे थे उन पर."

झालं, स्वारी बिघडली. खोकं दुमडण्याआधी त्याच्या सगळ्या बाजू पत्र्यावर सपाट आखायच्या, हेच तर तो जन्मभर करत आला होता. शुक्रवारी नमाजहून आल्या आल्या त्याने सासुरवाडी उलगडली. पुढचा ओटा, मागची पडवी, दोन्हीकडच्या भिंती, कौलं, न्हाणी, विहीर, सगळं एकदम. उरलेल्या फटींत डोंगर कोंबला. सूर्याला रजा.

"अहो, माझ्या बापाचं घर पाडलंत!" बिलकिस किंचाळली.

"पाडलं नाय, उघडलंय."

"मग मिटा! बायकांना काय हे भंगार दाखवू?"

चित्र चपलांच्या कपाटापाशी भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. ताजुद्दीनला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत स्वतःचं आवडलेलं हे त्याचं पहिलंच चित्र होतं.

ईदच्या आदल्या दिवशी बिलकिसने आंजर्ल्याला व्हिडिओ कॉल लावला आणि चित्र उचलून धरलं. "अम्मी, बघ तुझ्या जावयाचे प्रताप!"

अम्मी फोनवर वाकली.

"अगो, जरा जवळ धर. तुझे अब्बा गेल्यापासून मी एकलीच. विहिरीवर असले की पुढे कोण आला कळत नाय, ओट्यावर बसले की पाठच्या दाराची धास्ती. ह्यात दोन्ही दारां दिसतात गो. मला पाठवून दे."

बिलकिसला रडू फुटलं. "हे नाय मिळायचं, अम्मी. हे माझ्या भिंतीवर लागणार. तुझ्यासाठी दुसरं घेऊन मीच येते."

फोन ठेवून, डोळे पुसत ती नवऱ्याकडे वळली. "यल्ला, चला, दुसरं काढायला बसा. आणि माझ्या ह्यात अम्मीलाही बसवा."

"पुढे बसवू की मागे?"

"दोन्हीकडे," बिलकिस म्हणाली. "एकलीला करमत नाय तिला."