चौथ्या बंदुकीची किंमत

१९७३ च्या उन्हाळ्यात भूम तालुक्यातल्या आमच्या गावी, चुलत्यांच्या विहिरीतला गाळ काढताना मेणकापडात गुंडाळलेली एक स्टेनगन निघाली. चुलत्यांनी ती त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जमा केली आणि पंचनामा करून घेतला. ती रीतसर आपल्या नावावर करून मिळावी, असा अर्ज त्यांनी पुढच्या आठवड्यात तहसीलात दिला.

चुलते गावच्या सेवा सोसायटीचे चेअरमन होते. त्यांना बंदुका जमवण्याचा नाद होता. शिकार त्यांनी कधी केली नाही. सोप्यातल्या भिंतीवर तीन बंदुका होत्या आणि तिन्ही परवान्याच्या. पहिली एका जुन्या जहागीरदाराच्या घरातली ठासणीची. दुसरी आणि तिसरी बारा बोअरच्या, परंड्याकडच्या दोन घरांतून घेतलेल्या. पहिलीसाठी दुभती म्हैस विकली होती, पण म्हैस हा त्यातला हलका खर्च होता. परवान्यासाठी जिल्ह्याला खेपा, चालचलणुकीची चौकशी, जामीन राहायला तयार असणारी दोन माणसं, दरवर्षी नूतनीकरण, निवडणूक लागली की बंदुका पोत्यात बांधून ठाण्यात ठेवणं आणि निकालानंतर परत आणणं, हे सगळं त्यांनी वीस वर्षं न कुरकुरता केलं. तिन्ही बंदुका घेताना मूळ मालक वारलेले होते. दर वेळी त्यांच्या वारसाचा, हरकत नसल्याचा अंगठा चुलत्यांनी कागदावर घेतला होता. बंदूक घेण्याची रीत त्यांना तेवढीच माहीत होती.

स्टेनगन कुणाची, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तिच्या दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली होती. १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आधी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गावचे जे तरुण होते, त्यांच्यापैकी एकाच्याच खांद्यावर तशी बंदूक लोकांनी पाहिली होती. ॲक्शननंतर हत्यारं सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला. त्या दिवसांत एका संध्याकाळी तो माणूस ‘येतो जाऊन’ म्हणून घरातून निघाला आणि परत आला नाही. कुणी म्हणे मुंबईत गिरणीत आहे, कुणी म्हणे हैदराबादेत दुसरं घर केलंय. एकानं त्याला तुळजापूरच्या यात्रेत पाहिल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून त्याची बायको दरवर्षी तुळजापूरला जाई आणि महाद्वाराजवळ दिवसभर बसून परत येई. ती आमच्या शेजारी राहायची. पंचवीस वर्षं तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि हातात हिरव्या बांगड्या.

चुलते कागद घेऊन तिच्याकडे गेले तेव्हा मी बरोबर होतो. ती ओट्यावर मिलो, दुष्काळात रेशनवर मिळणारी तांबडी ज्वारी, निवडत होती.

‘‘वैनी, एक अंगठा पाहिजे व्हता.’’

‘‘कशाला?’’

‘‘बंदूक नावावर करून घ्यायची. मालकाच्या वारसाची हरकत न्हाय, असं लिवलंय यात.’’

‘‘वारस म्हंजे कोण?’’

‘‘तुमीच की.’’

तिनं सूप खाली ठेवलं. ‘‘वारस माणूस गेल्यावर व्हतो, भाऊजी.’’

चुलत्यांनी कागदाची घडी केली. तीच पुढं म्हणाली, ‘‘तीन बंदुका हायत की तुमच्याकडं. खांदे तर दोनच हायत.’’

‘‘वैनी, माझी बळजबरी न्हाय.’’

‘‘गाळ किती ऱ्हायलाय अजून?’’

‘‘दीड पुरुस असंल.’’

‘‘सगळा काढा. खडक लागू द्या. मंग बगू.’’

चुलत्यांचा विचार तिथंच थांबण्याचा होता, कारण कोपऱ्यात थोडा पाझर लागला होता. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गाळ उपसणाऱ्या यारीवाल्यांना पुन्हा बोलावलं. यारीच्या लाकडी दांड्यावरून गाळाची टोपली वर यायची आणि काठावर पालथी व्हायची. ती बाई काठावरच्या बाभळीखाली येऊन बसे आणि प्रत्येक टोपलीतला गाळ काठीनं पसरून बघे.

‘‘मावशी, पाणी लागलं तर पयला हंडा तुमचा,’’ यारीवरचा एक जण म्हणाला.

‘‘मला पाणी नगं, बाबा.’’

‘‘मग काय, सोन्याचा हंडा पाहिजे व्हय?’’

बाकीचे हसले. तीही थोडी हसली. ‘‘तुमी काढा तर.’’

त्या दिवसांत चुलती विहिरीकडे फिरकली नाही. घरचं पाणी टँकरचं होतं. त्या विहिरीत पाणी आलं तरी ते घरात आणायचं नाही, असं तिनं चुलत्यांना सांगून टाकलं होतं. चुलत्यांनी सोप्यात चौथी खुंटी आधीच ठोकलेली होती.

खडक लागला त्या दिवशी शेवटच्या टोपल्यांतल्या एकीतून कातडी पायताण आलं. एकच. तळाला लोखंडी खिळे होते. यारीवाल्यानं ते तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते पदरानं पुसलं, उलटंपालटं केलं, टाचेवर अंगठा दाबून बघितला.

‘‘हे त्यांचं न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांचा पाय मोठा व्हता.’’

पायताण तिनं खाली ठेवलं नाही. पदरात धरून ती घरी गेली. विहिरीत आणखी काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. कपाळ मोकळं होतं, मनगटं मोकळी होती. चुलतीनं तिला आत घेतलं आणि चहा दिला. तिनं चहा पूर्ण प्यायला, मग चुलत्यांना म्हणाली, ‘‘आणा तो कागद.’’ अंगठा उमटल्यावर शाई पुसायला चुलतीनं फडकं पुढे केलं. ती ‘‘असू द्या’’ म्हणाली.

अर्ज तहसीलातून उस्मानाबादला गेला. पाऊस सुरू झाल्यावर चुलते चौकशीला निघाले, तेव्हाही मी सोबत होतो. कारकुनानं फाइल काढली.

‘‘कारभारी, ही मशीनगन हाय. ही खासगी माणसाला मिळत नसती.’’

‘‘गंजलेली हाय, साहेब. चालत बी न्हाय. निस्ती भिंतीवर ठेवायची.’’

‘‘नसू द्या चालत. घोडा दाबून धरला की भराभर उडायची ना? मग न्हाय. तुमचा नाद माझ्या ध्यानात आलाय, पण वरून परवानगी येणार न्हाय. लिहून देतो तसं.’’ त्यानं कागद चाळले. ‘‘आन् ही संमती कशाला जोडली? आमी कुठं मागितली व्हती?’’

‘‘लागती ना?’’

‘‘दुसऱ्याच्या परवान्यावरची बंदूक घेताना ठीक हाय. हिला परवाना कुठं व्हता? ही सरकारजमा झाली, तिथंच संपलं.’’

चुलत्यांनी तो कागद परत मागितला. फाइलला लागलेला कागद देता येत नाही, असं कारकुनानं सांगितलं. परतीची एसटी येडशीला थांबली. तिथं उतरून चुलत्यांनी नळाखाली तोंड धुतलं आणि मला विचारलं, ‘‘वैनीला सांगायचं का?’’ संध्याकाळी तेच तिच्या घरी जाऊन सांगून आले. ती काय म्हणाली ते त्यांनी घरात सांगितलं नाही.

भाद्रपदात, पितरांच्या पंधरवड्यात, ती पुन्हा आमच्या दारात आली. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं एका जिवंत माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. तिला तिथी माहीत नव्हती. ज्यांची तिथी माहीत नाही, त्यांची अमावास्येला करतात.

‘‘भाऊजी, अवसंला आमच्याकडं जेवायला या. पितर म्हणून.’’

चुलते चुलतीकडे बघत राहिले. ‘‘दुसरं कुणी बघा की, वैनी.’’

‘‘त्यांच्या वयाचं दुसरं कोण ऱ्हायलंय गावात?’’

चुलते त्या अमावास्येला गेले. तिनं त्यांचे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं, खीर-वडे वाढले आणि त्यांचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. पुढच्या वर्षीही ती बोलवायला आली. स्टेनगन ठाण्यातून जिल्ह्याला पाठवली गेली. त्यापुढचा त्या बंदुकीचा ठावठिकाणा मला कळला नाही. चुलत्यांनी नंतर एकही बंदूक घेतली नाही.

ती ऐंशीच्या दशकात, थंडीच्या दिवसांत वारली. त्याआधीच्या सर्वपित्री अमावास्येला तिच्या घरी पाटावर चुलतेच बसले होते.