उलटं वाचणारी बाई

माझ्या आईला छापखान्यात सगळे दुर्बीण म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडे. औषधांची पुठ्ठ्याची खोकी छापणारा तो छापखाना. खोक्यावरचा मजकूर छपाईला जाण्याआधी शेवटचा तिच्या टेबलावर येई. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, मान वाकवलेला दिवा आणि हातात भिंग. चूक सापडली की ती लाल पेन्सिलीनं गोल करी आणि "सापडलास रे चोरा" असं पुटपुटे. शाळा सुटल्यावर मी तिथेच कागदाच्या गठ्ठ्यावर बसून डबा खात असे. शाईचा आणि डिंकाचा तो वास अजूनही कुठे आला, की मला भूक लागते.

तिची वाचायची तऱ्हा अजब होती. शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची आणि मागे मागे सरकत पहिल्यापर्यंत यायचं. "सरळ वाचलं की अर्थ लागतो," ती नव्या मुलींना शिकवी. "अर्थ लागला की मन पुढे पळतं आणि चूक तशीच राहते. खोक्यात काय आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय? अक्षर बघा, मग त्याच्या शेजारचं अक्षर बघा." दुर्बिणीच्या हातून गेलेलं खोकं कधी परत आलं नाही, असं मालक पाहुण्यांना सांगत. ते खरं होतं. मी तिची मुलगी म्हणून सांगत नाही. उलट तिचं कौतुक करणं माझ्या जिवावर येतं, कारण माझ्या निबंधांवरही ती तसलेच लाल गोल करायची.

बाबा लांब पल्ल्याची बस चालवत. उंच, बोलघेवडे, घरात घटकाभर स्वस्थ न बसणारे. बस ही तुमची थोरली बायको, मी धाकटी, असं आई त्यांना म्हणे, आणि ते नाही म्हणत नसत. तर अशा माणसाचं पोट बिघडलं. आधी आम्ही ते हसण्यावारी नेलं. मग थांबा नसलेल्या ठिकाणी बस थांबायला लागली. बाबा खाली उतरून पेट्रोल पंपाकडे पळत आणि प्रवासी घड्याळं बघत बसत. परत आले की कुणीतरी विचारी, "काय ड्रायव्हरसाहेब, पंपाची पाहणी झाली का?" घरी आल्यावर हे सांगून ते स्वतःच हसत. पुढे पुढे सांगेनासे झाले.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, यांना लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर पचत नाही. झालं! आईनं घरातून दूध हद्दपार केलं. चहा कोरा झाला, लोणी गेलं, केक गेला. लॅक्टोज हा शब्द तर तिच्या जिभेवरच बसला. पावात काय काय घालता, असं ती बेकरीवाल्याला इतकं खोदून विचारी, की ती येताना दिसली की तो भट्टीमागे गडप होई. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे. आमच्याकडे ताकच उरलं नव्हतं, फुंकणार काय?

बाबांना बरं वाटलं, पण पुरतं नाही. ड्युटीच्या दिवशी पोट हमखास दगा देई. म्हणून ते खिशात गोळ्या ठेवत. जळजळीवरच्या, चघळायच्या, गोडसर, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या. जळजळलं की एक, गुरगुरलं की एक, आणि काही होऊ नये म्हणून आणखी एक. शेंगदाणे खावेत तशा ते त्या खात. आणून देई ती आईच, आणि निघताना त्यांच्या खिशात कोंबीही तीच.

शेवटी डेपो मॅनेजरनं बोलावून घेतलं. "तुमच्यासारखा ड्रायव्हर माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "पण तक्रारींचा ढीग झालाय. आता एक जरी आली, तर तुम्हाला गाड्या धुवायच्या शेडमध्ये घ्यावं लागेल." बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. स्टिअरिंगवाचून हा माणूस जगणार कसा, हेच मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ड्युटीवर निघाले होते. चष्मा आदल्या दिवशी बसमध्येच राहिलेला. आईनं गोळ्यांचं नवं खोकं पुढे केलं.

"अगं, दिवसाला जास्तीत जास्त किती चालतात ते बघ जरा," बाबा म्हणाले. "आज फेरी मोठी आहे."

आई खोक्याकडे बघून ओळखीचं हसली. "हे आमच्याकडचंच. माझ्या हातून गेलंय."

मग ती वाचू लागली. ऐकणाऱ्याला कळावं म्हणून सरळ, पहिल्यापासून. गोळीचं नाव वाचलं. कशासाठी घ्यायची ते वाचलं. "इतर घटक. साखर, स्टार्च, लॅक्टोज..."

ती थांबली.

"पुढे?" बाबा बुटाची नाडी बांधत म्हणाले.

"अहो, यात लॅक्टोज आहे."

"काहीतरीच काय! गोळीत कोण दूध घालेल?"

बाबांनी डेपोत फोन करून त्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही तिघं औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "गोळी नीट बांधली जावी म्हणून घालतात. ते औषध नव्हे, नुसता भराव. एका गोळीत एवढंसं असतं, बहुतेकांना काही होत नाही. तुम्ही घेता किती?" बाबांनी खिसा उलटा केला. रिकाम्या पाकिटांचा काउंटरवर ढीग पडला. दुकानदारानं कपाळाला हात लावला. "अहो, हे औषध आहे की न्याहारी?" मग त्यानं फळीवरची खोकी काढून एकेक तपासलं. एक बाजूला सारलं. "यात सॉर्बिटॉल आहे, गोडीसाठी घालतात ते. त्यानंही काहींचं पोट सुटतं." शेवटी एक चालण्याजोगं सापडलं. "कंपनी बदलली की भरावही बदलतो, दर वेळी वाचून घ्या," तो म्हणाला, "आणि एवढ्या गोळ्या लागतातच का, ते डॉक्टरांना विचारा."

कुंपणच शेत खात होतं, आणि कुंपण घातलं होतं आईनं. परतताना ती एवढंच बोलली, "तो शब्द मी किती वेळा तपासलाय. एक काना चुकलेला नव्हता."

बाबांचं पोट थाऱ्यावर आलं. निवृत्त होईपर्यंत ते बस चालवत राहिले, आणि मॅनेजरला पुन्हा तक्रार आली नाही. त्यांची ती वर्षं आठवली की मला आजही बरं वाटतं.

आईला मात्र उलटं वाचणं जमेना. ती शेवटच्या शब्दापासून सुरुवात करी, पण घटकांच्या ओळीशी आली की अडे. हे कुणाच्या घरी जाईल, कोण खाईल, त्याला चालेल का? तिला भिंग तसंच धरून बसलेली मी पाहिलंय. कामं तुंबू लागली. मग एका खोक्यावर कंपनीच्या पत्त्यातलं एक अक्षर निसटलं आणि छापलेला सगळा माल रद्दीत गेला. मालक भला माणूस. त्यांनी तिला काढलं नाही, खोकी चिकटवण्याच्या टेबलावर बसवलं. तिच्या जागी तिनंच शिकवलेली एक मुलगी आली. मला त्या मुलीचा राग आला, आणि तिचा त्यात काही दोष नव्हता.

आईनं हे घरी सांगितलं तेव्हा बाबा नुकतेच फेरीवरून आले होते. ते म्हणाले, "माझ्यापायी तुझी जागा गेली."

"तुमच्यापायी कशाला?" आई म्हणाली. "इतकी वर्षं नुसती अक्षरं बघत होते मी. आता वाचता येतं मला, आणि ते काही केल्या थांबत नाही."

ती मोरीत जाऊन बोटांवरचा वाळलेला डिंक धुवायला लागली. तो कधीच निघाला होता, तरी ती धूत राहिली, आणि बाबा टॉवेल घेऊन तिच्या मागे उभे राहिले.