दरेकशाला नेलेली पुडी

नागपूरहून पॅसेंजरनं निघालो, तेव्हा पत्नीनं विचारलं, "दोन छटाक पाल्यासाठी दोन दिवस फुकट घालवणार?" चहाला पाला म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही.

आम्ही तिघं होतो. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा, गोंदियाचे मोहनलालजी किराणा दुकानदार, आणि दरेकशाचे डोमाजी पटले धानाचे शेतकरी. दर महिन्याला प्रत्येकानं बाकीच्या दोघांना टपालानं एक पुडी पाठवायची. वर फक्त आकडा, नाव नाही. दूध-साखर न घालता तो चहा प्यायचा आणि काय चव लागली ते बाकीच्या दोघांनाही लिहून कळवायचं. डोमाजींचा शब्द अखेरचा. तरुणपणी सात वर्षं ते आसामच्या मळ्यावर होते. पानं पावसाआधी तोडलेली की नंतर, हे ते नुसतं हुंगून सांगत.

श्रावणापासून मात्र त्यांच्या चिठ्ठ्या आटल्या होत्या. "बरा आहे." "तुमी म्हणता तसाच." मला राग यायचा. माणूस आळसावला, असं मी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून दिवाळीनंतर एक जपून ठेवलेला दार्जिलिंग ट्रंकेत टाकला आणि जातीनं निघालो. हा प्यायल्यावर बघू कसे गप्प राहतात, असा माझा विचार.

गोंदियाला मोहनलालजी दोन पुड्या आणि पोह्यांचा डबा घेऊन चढले. "भाईसाब, आज तो डोमाजी की परीक्षा है," ते म्हणाले. सालेकसा गेल्यावर डोंगर रुळांच्या जवळ आले, जंगल दाट झालं आणि आमच्या गप्पा कमी झाल्या. दरेकशाचं स्टेशन लहानसं. बाहेर डोमाजी बंडी (बैलगाडी) घेऊन उभे होते. वाटेत दोन्ही बाजूंना बांध्या (धानाची खाचरं) कापून मोकळ्या झाल्या होत्या.

घरी डोमाजी चुलीजवळ बसून आमच्याशी बोलत राहिले. मला करपल्याचा वास येत होता, पण पाहुण्यानं चुलीत नाक खुपसू नये म्हणून गप्प बसलो. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पार्वताबाई विहिरीवरून धावत आल्या.

"भात जरून गेला ना! अन् तुमी इथंच बसून राहिले?"

"गोठीत ध्यान नाई राहिलं," डोमाजी म्हणाले. आम्ही हसलो. लाखोळीची डाळ आणि अंबाडीची भाजी घालून तो भात आम्ही संपवला.

दुपारी सांदवाडीत (घरामागच्या अंगणात) बाज टाकली. पांढरे कप, उकळतं पाणी, थुंकायला डबा. चहा चाखायचा तर मोठ्यानं भुरका मारावा लागतो. कुंपणापलीकडून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं थांबून विचारलं, "काऊन जी, तिघंबी बिमार पडले का? काढा पिऊन राहिले?"

मोहनलालजींच्या दोन पुड्या झाल्या. दोन्ही वेळा डोमाजी आमच्यानंतर बोलले. मग मोहनलालजी तोंड धुवायला विहिरीकडे गेले आणि मी माझी पुडी सोडली. पाणी ओतलं मात्र, वाफेबरोबर डांबरगोळीचा भपकारा नाकात गेला. ट्रंकेत माझा लोकरीचा कोट होता, कोटाच्या घड्यांत डांबरगोळ्या, आणि त्याच घड्यांत मी चहाची पुडी जपून खोचली होती. चहा कांद्याजवळ ठेवू नका, साबणाजवळ ठेवू नका, असं सगळ्या जगाला शिकवणारा मी! लाजेनं मेल्यासारखं झालं. पण कबूल करायची हिंमत झाली नाही. एक भुरका मारला आणि विचारात पडल्यासारखा चेहरा करून बसलो.

डोमाजी माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी भुरका मारला, डोळे मिटले.

"असा चहा आसामातबी नाई भेटला," ते म्हणाले. "फुलाचा वास आहे."

मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस, माझी अब्रू झाकतो आहे. तेवढ्यात मोहनलालजी आले, एक घोट घेतला आणि तिथंच थुंकले. "अरे, ये तो कपड़ों की पेटी है! डांबर की गोली!" ते पोट धरून हसायला लागले.

डोमाजी हसले नाहीत. कप हातातच राहिला. पार्वताबाई दारात उभ्या होत्या.

"मले वास येत नाई," ते म्हणाले. "श्रावणात ताप आला होता. ताप उतरला, वास काई परत नाई आला. चवबी गेली. आता चहा काय अन् गरम पानी काय."

"मग चिठ्ठ्या?" मी विचारलं.

"तुमचंच लिवलेलं तुमाले परत पाठवत होतो. अन् इथं तुमची तोंडं पाहून सांगत होतो. आता तुमचं तोंड काई समजलं नाई."

"काल नवा धान कांडला, तर हे म्हणे सुगंध येऊन राहिला," पार्वताबाई म्हणाल्या. "मलेबी नाई सांगितलं." पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या.

मोहनलालजींनी गोंदियाच्या डॉक्टरांचं नाव काढलं. "दाखवलं," डोमाजी म्हणाले. "आला तर येईल म्हणते डाक्टर." कपातला चहा त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत पिऊन टाकला. आम्ही अडवलं नाही. अजूनही मनाला लागतं ते हे, की मी माझी चूक लपवली नसती, तर त्यांचं दुःख असं हशात उघडं पडलं नसतं.

सकाळी ते स्टेशनवर पोचवायला आले. गाडी दिसल्यावर मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात पुडी पाठवतो."

"कायले? चहा वाया जाते." मग म्हणाले, "चिठ्ठी पाठवा. तुमाले कसा लागला, तेवढं लिवा. पन खरं लिवा. आता मी तेच पिईन."

नागपूरला परतून महिना झाला. नवा चहा आला, मी केला, कागद घेतला. इतकी वर्षं पानंच्या पानं लिहिली होती, ती बहुतेक मिरवण्यासाठी. आता ज्याच्याजवळ त्या चिठ्ठीखेरीज काही नाही, त्याच्यासाठी लिहायचं, तर प्रत्येक शब्द खोटा वाटे. तीनदा चहा केला, तीनदा कागद फाडला. शेवटी लिहिलं, "या खेपेला लिहिणं जमलं नाही. पुन्हा करून बघतो. माफ करा."

आठ दिवसांनी कार्ड आलं. एकच ओळ होती.

"घाई नाई. मी वाट पाहून राहिलो."