पाणथरी नसलेल्या माणसाचा ताप

२००३ च्या हंगामात ह्यांना हुडहुडी भरली, तेव्हा घरात पेट्या भरायची घाई होती. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कुणाला काहीही झालं तरी निदान ठरलेलं : आंबा बाधला. आंबे खाण्यात ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मलाही ते पटलं. दिरांनी कोकमाचं सरबत पाजलं, मी सब्जा भिजवला आणि ह्यांना पडवीत निजवलं.

दुपारपर्यंत हे भलतंच बरळायला लागले. पाय गार पडले, बोटं जांभळी दिसू लागली. मग मात्र माझा धीर सुटला. पेट्यांसाठी आलेल्या टेम्पोतच ह्यांना घालून आम्ही रत्नागिरीत आणलं.

दवाखान्यातली डॉक्टर वयाने माझ्या भाचीएवढी. मनात म्हटलं, ही पोर काय करणार. तिने सदरा वर केला आणि पोटावरच्या जुन्या व्रणाबद्दल विचारलं. मी सांगितलं, पूर्वी कलमावरून पडले होते, पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली म्हणून काढून टाकली. आमच्या गावात झाडावरून पडलेले पुष्कळ. टाके सुकले की विषय संपला. पाणथरी नसल्याचं पुढे काही भोगावं लागतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"सिस्टर, रक्त घ्या आणि लगेच इंजेक्शन द्या," ती म्हणाली. "रिपोर्टची वाट बघायची नाही."

सलाईन, ऑक्सिजन, सगळं एकदम सुरू झालं. मग तिने मला समजावलं. न्यूमोनियाचा जंतू रक्तात पसरला असावा. एरवी पाणथरी असे जंतू गाळून काढते. ती नसली की साधा वाटणारा ताप बघता बघता माणूस नेतो. वाचतील का, असं मी विचारलं. तिने खोटा धीर दिला नाही. प्रयत्न करतेय म्हणाली, आणि ह्यांच्या खाटेपासून हलली नाही.

हे वाचले. रिपोर्टात तोच जंतू निघाला. पायाच्या दोन बोटांची टोकं तेवढी गेली. पुढे तिने लस टोचली आणि कणकण जरी आली तरी तडक या, असं बजावलं. त्या पोरीचे उपकार कसे फेडायचे, मला अजून कळत नाही.

पुढच्या थंडीत ह्यांना ताप आला. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येणारा हा माणूस स्वतः चपला घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चल."

तिने तपासलं, औषध दिलं. साधी सर्दी निघाली. हे तिच्याशी मोहोराच्या गप्पा मारत बसले आणि मी बाहेरच्या बाकावर जाऊन ढसाढसा रडले. आदल्या खेपेला रडायला सवडच मिळाली नव्हती.